टर्बो गेला, असे म्हणण्यापूर्वी

गाडी एका कामासाठी गॅरेजमध्ये द्यावी, ते काम चोख होऊन यावे आणि दुसरेच काहीतरी बिनसलेले घेऊन ती दारात उभी राहावी, हा अनुभव आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांना नसेल. विचारावे तर ‘त्या कामाचा आणि याचा काही संबंध नाही’ असे उत्तर मिळते. आपल्याला त्यातले कळत नाही आणि कळत नाही हे समोरच्याला कळते. मग जो आकडा सांगितला जाईल तो मुकाट्याने मोजण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कापडाचा पोत दोन बोटांत धरून भाव सांगणारे आपण, बॉनेटपुढे मात्र हात बांधून उभे राहतो. मागील अंकात टायरच्या हवेविषयी लिहिले, तेव्हा दोघातिघा वाचकांनी टर्बोविषयी लिहावे असे सुचवले होते. योगायोग असा की, त्याच सुमारास माझ्यावरच तो प्रसंग गुदरला होता. तोच आज सांगतो.

आमची डिझेल गाडी सात वर्षांची आहे. दसरा आटोपला होता, दिवाळीच्या मालाची गडबड सुरू होती आणि नेमकी त्याच वेळी क्लच प्लेट घसरू लागली. वडिलांच्या काळापासून आमच्या गाड्यांचे काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गाडी दिली. शनिवारी पहाटे वसुलीसाठी रत्नागिरीस निघायचे होते, म्हणून शुक्रवारी सायंकाळी सहाच्या आत गाडी मिळालीच पाहिजे, असा मी तगादा लावला. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा हिशेब द्यावा लागला. गाडी सहाला मिळाली. क्लच लोण्यासारखा झाला होता.

इचलकरंजीहून कोल्हापूर, मलकापूर करीत आंबा घाटाच्या माथ्यापर्यंत गाडी किंचित आळसावल्यासारखी वाटली. नव्या क्लचची सवय व्हायची असेल, असे म्हणून मी ते मनावर घेतले नाही. पुढे सारा उतार. उतारावर कोणतीही गाडी गुणी असते. खरी परीक्षा रविवारी सायंकाळी परतताना झाली. भगिनीकडे राहिलेल्या मातोश्री सोबत होत्या, पुतण्या पुढे बसला होता. साखरपा सोडून चढ सुरू झाला आणि गाडीचा दमच तुटला. ॲक्सिलरेटर तळाशी टेकवला तरी दुसऱ्या गिअरमध्ये ती जेमतेम चालण्याच्या वेगाने सरकत होती. आरशात पाहिले, तर मागे काळ्या धुराचा लोट आणि त्या धुरात भरलेल्या ट्रकचे दिवे. समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. एका रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तर जणू काही झालेच नाही अशी ती चढली. पण दोनच वळणे. पुन्हा तेच. बंद करीत, सुरू करीत आम्ही अंधार पडल्यावर आंब्याला पोहोचलो. मातोश्री एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीवरची मूठ मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

सोमवारी मिस्त्रींकडे जायला हवे होते. रागावलो होतो, म्हणून गेलो नाही. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तेथे स्कॅनर लावला गेला, पडद्यावर पी ०२९९ असा कोड उमटला आणि पाच मिनिटांत निदान झाले : टर्बो गेला. एक पाइप काढून त्यात बोट फिरवले आणि बोटाला लागलेले तेल मला दाखवले. ‘बघा साहेब, टर्बो तेल टाकतोय.’ नव्या टर्बोचे ४५,००० रुपये, मजुरी वेगळी. कागदावर आकडा लिहून मिळाला. सणाची घाई होती, मातोश्रींची घट्ट धरलेली मूठ डोळ्यांपुढे होती; मी होकार देणारच होतो.

थांबवले ते एका जुन्या आठवणीने. आमच्या पेढीवर वडिलांच्या वेळी एक वृद्ध मुनीम होते. रात्री रोजमेळ जुळला नाही, की ते सारी वही उलगडत बसत नसत. ते एवढेच विचारत, ‘आज कोणती नोंद नेहमीपेक्षा वेगळ्या हाताने झाली?’ बहुतेक वेळा चूक तिथेच सापडे. शुक्रवारपूर्वी गाडी घाट चढत होती. शुक्रवारी तिला हात लागला. सात वर्षे न बिघडलेला टर्बो नेमका क्लच बदलण्याच्या दिवशी मरावा, हे अशक्य नाही. परंतु रोजमेळात असा योगायोग आपण सहसा मान्य करीत नाही. मी तो कागद खिशात घातला आणि विचार करून सांगतो म्हणालो.

येथे टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इंजिनात इंधन जळायचे तर हवा हवी. जितकी अधिक हवा, तितके अधिक इंधन नीट जळणार. इंजिनाबाहेर पडणारा तप्त धूर वाया जातो. त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही कल्पना. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पर्वतावर नेले आणि विरळ हवेतही टर्बोच्या बळावर ते पूर्ण ताकद देते हे दाखवले. टर्बोची परीक्षा प्रारंभापासूनच चढावर झालेली आहे, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

आपल्या छोट्या गाडीतील हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून मग इंजिनात जाते. म्हणजे टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून इंजिन असा जाड रबरी पाइपांचा मार्ग असतो आणि प्रत्येक सांध्यावर एक क्लिप असते. बहुतेक डिझेल गाड्यांत धुराच्या चक्राभोवती हलणारी पाती असतात. इंजिन संथ असते तेव्हा ती मिटतात, वाट अरुंद होते आणि धुराचा झोत जोराने चक्रावर आदळतो. वेग वाढला की ती उघडतात. ही पाती हलवणारी लहानशी दांडी अनेक गाड्यांत निर्वात ओढीवर चालते. इंजिनावरचा एक पंप ती ओढ निर्माण करतो आणि पेन्सिलीहूनही बारीक नळ्यांतून, एका विजेच्या झडपेमार्फत, ती टर्बोपर्यंत पोहोचते. काही नव्या गाड्यांत हेच काम विजेची छोटी मोटर करते.

आता त्या कोडकडे येऊ. गाडीचा संगणक टर्बोकडे ठराविक दाब मागतो आणि एक सेन्सर प्रत्यक्ष किती मिळाला ते सांगतो. मागणी आणि पुरवठा यांत बराच वेळ तफावत राहिली, की पी ०२९९ नोंदवला जातो आणि इंजिनाला इजा होऊ नये म्हणून संगणक इंधन आखडता घेतो. गाडी लंगडत चालते ती यामुळे. गाडी बंद करून सुरू केली की अनेक गाड्यांत ही मर्यादा तात्पुरती उठते, आणि घाटात आम्हाला दोन वळणांची उसंत मिळाली तीही यामुळेच. याच्या उलट, दाब प्रमाणाबाहेर वाढला तर पी ०२३४ येतो. नीट पाहिले तर पी ०२९९ हा कोड एवढेच म्हणतो की गल्ल्यात रक्कम कमी आहे. ती कोणी घेतली, वाटेत सांडली, की मुळात आलीच नाही, याविषयी तो काहीही सांगत नाही. वर्कशॉपने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला चौकशीवाचून काढून टाकायचे ठरवले, एवढेच.

आणि ते तेलाने माखलेले बोट? इंजिनाच्या पोटातील तेलकट वाफ टर्बोच्या अलीकडे हवेच्या मार्गात सोडलेली असते. त्यामुळे सात वर्षांच्या गाडीच्या पाइपात तेलाचा पातळ थर सापडणे साहजिक आहे. तेल साचून ओघळू लागले, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला आणि इंजिनाचे तेल भराभर कमी होऊ लागले, तर काळजीचे कारण खरे. नुसत्या माखलेल्या बोटावर टर्बोला दोषी ठरवू नये. माझ्या समजुतीप्रमाणे या एका बोटाने पुष्कळ चांगल्या टर्बोंचा बळी घेतला असावा.

मंगळवारी मिस्त्रींकडे गेलो. वाटेत मनातल्या मनात बरेच कठोर बोललो होतो. प्रत्यक्षात तसे बोललो नाही, हे बरे झाले. एवढेच विचारले, ‘मिस्त्री, क्लचच्या कामात काय काय सोडवले होते, तेवढे सांगा.’

त्यांनी बोटांवर मोजले. बॅटरी. बॅटरीखालचा ट्रे. एअर फिल्टरचा डबा. त्याचा पाइप. इंटरकूलरकडून वर येणारा जाड पाइप. दोनतीन वायरींचे प्लग. पाचव्या बोटाशी ते थांबले. म्हणाले, ‘शेट, तुम्हीच म्हणाला होता, सहाच्या आत गाडी पाहिजे म्हणून. शेवटची जोडणी पोरानं केली. मी बघायला पाहिजे होतं, नाही बघितलं.’

हे ऐकल्यावर माझा राग कोठे ठेवावा ते मला कळेना. त्यातला अर्धा तरी माझ्याच खात्यावर होता.

पहिला दोष दहा मिनिटांत सापडला. जाड पाइपाची क्लिप सांध्याच्या कडेवर तिरकी बसली होती आणि तिच्याभोवती धुळीत एक ओला, तेलकट पट्टा उमटला होता. आत माखलेले तेल हवेबरोबर जिथून बाहेर उडते तिथे असा डाग पडतो. दृष्टीला हा डाग फार उपयोगी आहे; फटीतून निसटणारी हवा दिसत नाही, तिचा डाग दिसतो. काळा धूर का आला, तेही येथे उलगडले. वाटेत शिरलेली हवा मोजली जाते, त्या मोजमापावर इंधन सोडले जाते आणि त्यातील बरीच हवा इंजिनात पोहोचण्यापूर्वीच फटीतून निघून जाते. इंधन उरते, हवा पुरत नाही, काजळी होते.

उभ्या गाडीत मात्र ही फट ऐकू येत नाही. गाडी जागेवर उभी असताना नुसता ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिनावर भार नसल्यामुळे टर्बो फारसा दाब निर्माण करीतच नाही. म्हणून ‘बघा, इथे तर ठीक चालते’ या गॅरेजमधल्या प्रात्यक्षिकाला काही अर्थ नसतो. फट शोधायची तर हवेच्या मार्गात हलक्या दाबाने धूर सोडणारे यंत्र वापरतात; कोठून धूर निघतो ते डोळ्यांना दिसते. ते नसेल तर मार्ग बंद करून बेताची हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडायचे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, तोच न्याय. इंजिन चालू असताना पाइप काढून आत डोकावणे मात्र कोणी करू नये. उपरण्याचे टोक वा ओढणी ते चक्र क्षणात आत ओढते.

क्लिप नीट बसवली, कोड पुसला, धूर थांबला. मी मिठाईचा पुडा घेऊन घरी आलो. ही घाई झाली. बुधवारी सायंकाळी पुतण्यासह पन्हाळ्याच्या चढावर गेलो आणि पिवळा दिवा पुन्हा लागला.

या वेळी पुतण्याने एक लहानसा स्कॅनर आणला होता. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लागतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. गाडी चालवणाऱ्याने ते आकडे पाहायचे नाहीत, शेजारच्याने मोठ्याने वाचायचे, हा आमचा करार. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता पाहिले, तर हवेच्या दाबाचा आकडा ९५ च्या आसपास होता. समुद्रकाठी तो १०० च्या किंचित वर असतो, पठारावर थोडा उतरतो. म्हणजे सेन्सर खरे बोलत होता. येथेच भलता आकडा आला असता तर आधी सेन्सरच तपासावा लागला असता. मग तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे दीड हजार असताना चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. आकडा १५० वर रेंगाळला. फेरे अडीच हजारांपलीकडे गेले तेव्हा तो हळूहळू वर सरकला.

हा आकडा चांगला की वाईट, हे कसे ठरवायचे? आपण माल कसा ठरवतो? नमुना शेजारी ठेवून. शेजारच्या पेढीवर तशीच गाडी आहे. दुसऱ्या दिवशी ती मागून घेतली. तोच चढ, तोच गिअर, तेच फेरे. तिचा आकडा सुरुवातीलाच १९० ओलांडून गेला.

या तुलनेतून फार महत्त्वाची गोष्ट कळली. पाइपाला फट असती तर दाब वाढेल तशी गळती वाढली असती आणि तूट वरच्या फेऱ्यांतही कायम राहिली असती. येथे तूट खालच्या फेऱ्यांत होती आणि वर जाता जाता भरून येत होती. संथ इंजिनात दाब कमी म्हणजे पाती मिटत नाहीत. पाती मिटत नाहीत याची कारणे दोन : काजळीने ती जागीच अडकली, किंवा त्यांना ओढणाऱ्या दांडीला ओढच मिळत नाही. आणि पुन्हा मुनिमांचा प्रश्न : शुक्रवारी वेगळा हात कशाला लागला? पात्यांना नक्कीच नाही.

मिस्त्रींनी आरसा आणि बॅटरीचा दिवा घेऊन टर्बोकडे पाहिले आणि मला किल्ली फिरवायला सांगितले. इंजिन सुरू होताच ती दांडी चटकन पूर्ण आत जायला हवी होती. ती रेंगाळत निम्मी गेली आणि थांबली. दांडीच्या डबीवरची बारीक नळी काढून तोंडाशी बोट धरले, तर ओढ क्षीण होती. पंपापाशी बोट धरले तर नळी बोटाला चिकटून राहिली. मधल्या वाटेत बॅटरीचा ट्रे होता. ट्रे उचलला. त्याच्या कडेखाली ती नळी चेपून चपटी झाली होती आणि चेपलेल्या जागी तिला केसाएवढी चीर गेली होती. हातभर नवी नळी लागली. तिची किंमत शंभर रुपयांच्या आत होती. मिस्त्रींनी तेवढीही घेतली नाही.

दोन दोष एकाच घाईतून, एकाच सायंकाळी जन्मले होते. पहिला सापडल्यावर शोध थांबवला, ही माझी चूक. एका चुकीची दुरुस्ती केल्यावर वही पुन्हा तेरजेस आणायची असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

नवा टर्बो बसवला असता तर काय झाले असते, याचा मी नंतर विचार केला. ट्रे सुटला नसता, तर नळी तशीच चेपलेली राहिली असती आणि ४५,००० देऊनही गाडी घाटात तशीच दमली असती. तिरकी क्लिप तशीच राहिली असती तर आणखी वाईट. फटीतून हवा निसटत असताना संगणक मागणी कमी करीत नाही. मागितलेला दाब गाठण्यासाठी टर्बो प्रमाणापेक्षा अधिक वेगाने फिरत राहतो. अशा अतिवेगाने चांगला टर्बो खरोखरच मरतो. म्हणजे ‘टर्बो गेला’ हे खोटे निदान, दुर्लक्ष केल्यास, काही महिन्यांनी खरे ठरू शकते.

टर्बो कधीच जात नाही, असा याचा अर्थ नव्हे. तेल वेळेवर न बदलणे, भलत्या प्रतीचे तेल घालणे, तेल पोहोचवणारी नळी गाळाने चोंदणे, हे त्याचे मुख्य शत्रू. पाइप काढून दांडा हाताने हलवून पाहता येतो. आडवा किंचित हलला तर तो तेलाच्या थरासाठी ठेवलेला अवकाश आहे; पण पुढेमागे हलत असेल, किंवा चक्राची पाती बाहेरच्या आवरणाला घासून चकाकत असतील, तर टर्बो खरेच संपला. अशा वेळी तो कशाने संपला हे शोधून, तेलाची नळी साफ वा नवी केल्यावाचून दुसरा बसवू नये. नाहीतर तोही त्याच वाटेने जातो.

गॅरेजमधून आलेल्या गाडीचा पिकअप गेला असेल, तर पाहण्यासारख्या आणखी काही जागा आहेत. एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण एका कडेने उघडे राहणे, सेन्सरचा प्लग पूर्ण न बसणे, सेन्सरखालची बारीक रबरी कडी हरवणे, विजेच्या झडपेवरच्या दोन नळ्या एकमेकींच्या जागी लागणे. पाइपाचे तोंड झाकण्यासाठी कोंबलेले फडके आतच राहिल्याची उदाहरणेही मिस्त्री लोक सांगतात. हसू येते, पण आपल्या गाडीत घडले तर येत नाही. नव्या डिझेल गाड्यांत धुराच्या मार्गावर काजळी गाळणारा फिल्टर असतो, तो चोंदला तरी दम जातो. शहरातल्या शहरात आखूड फेऱ्या करणाऱ्यांच्या गाड्यांत हे अधिक घडते आणि त्याचा दोष गॅरेजला देता येत नाही. पेट्रोल टर्बोची रचना थोडी निराळी. पण पाइप, क्लिपा आणि प्लग तेथेही तेच.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, मोठ्या कामासाठी गाडी देताना ‘काय काय सोडवावे लागेल’ हे विचारून एका कागदावर टिपून ठेवावे. गाडी आल्यावर काही बिनसले, तर त्याच कागदाच्या क्रमाने मागे जावे. गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या माणसाला शेजारी बसवून जवळच्या चढावर एक फेरी मारावी. सपाट रस्त्यावरची फेरी ही केवळ सौजन्यभेट असते. आणि वेळेचा तगादा लावताना, त्याची किंमत कोण मोजणार आहे, हे आधी मनाशी ठरवावे. मी ठरवले नव्हते.

मिस्त्रींशी माझे संबंध पूर्ववत आहेत. तेवढा एक बदल झाला : आता ते शेवटची जोडणी झाल्यावर मला फोन करून सांगतात, ‘शेट, आज नाही, उद्या न्या’, आणि मी बरे म्हणतो. वर्कशॉपचा ४५,००० चा कागद अजून गाडीच्या कप्प्यात आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा रत्नागिरीस जाणे झाले. मातोश्रींना न्यायला गेलो, तेव्हा ‘गाडी चढते ना रे आता?’ असे त्यांनी दारातच विचारले. परतताना साखरप्याच्या पुढे चढ लागला. पुतण्या शेजारी बसून मोबाइलवर पाहत मोठ्याने वाचत होता, ‘एकशे साठ… एकशे नव्वद… दोनशे पाच… दोनशे दहा.’ ट्रक मागे पडत होते. आंबा गाव येईपर्यंत मातोश्रींनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग मागून विचारले, ‘एवढा चढतोय, तो कशाचा भाव सांगतोयस बाळ?’